अकरा सह्या

३ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. आधी एक गोष्ट कबूल कर. चार महिन्यांत मी रडत परत येईन अशी पैज तू वहिनीशी मारली होतीस. आज पाच महिने झाले. हरलास!

काम उत्तम चाललंय. इस्पितळाची शिवणखोली तळघरात आहे, नऊ बायका आणि नऊ मशिनं. चादर मधोमध विरली की ती उभी कापायची, धडधाकट कडा आत आणून जोडायच्या आणि विरलेला भाग बाहेर न्यायचा. आणखी दोन वर्षं निघतात तिच्यात. माझी शिवण बघून आमची मोठी बाई ती चादर सगळ्यांना दाखवत फिरली. तेव्हा गावात माझं दुकान चाललं नाही ते गावाचं दुर्दैव, एवढं वहिनीला सांग.

खोलीही बरी आहे. चार मजले, मजल्यावर दहा खोल्या, खाली कपडे धुवायची एक खोली सगळ्यांत मिळून. मालकी एका कंपनीची. जुने भाडेकरू इथलेच, गोरे, तीस-तीस वर्षं राहिलेले. गेल्या दोन वर्षांत आमच्यासारखे आले, कोणी सावळे, कोणी काळे, प्रत्येकाची भाषा वेगळी. जुने लोक वाईट नाहीत, पण बोलत नाहीत. जिन्यात मी वर येताना दिसले की वरच थांबतात. वाट देतात असं मी धरून चालते.

आता खरी बातमी. माझ्या समोरच्या खोलीत एक म्हातारी राहते, पेन्शनवाली. गळ्यात कायम मोत्यांची माळ, म्हणून मी तिला मोतीबाई म्हणते. परवा ती जिन्यात कागद आणि पेन घेऊन उभी होती. कागदावर सह्या. मला इथलं बोलणं कामापुरतं कळतं, वाचता अजिबात येत नाही. विचारलं, "काय?" ती म्हणाली, "इमारतीसाठी. अर्ज." दादा, अर्जनविसाच्या बहिणीसमोर अर्ज धरायचा आणि तिने हात मागे ठेवायचा? मी पेन घेतलं आणि ठोकली सही. बिचारीचा चेहरा लालबुंद झाला. इतकी भारावली की शब्द फुटेना.

तिला गुडघ्यांमुळे मजले चढवत नाहीत. म्हणून मी कागदच घेतला तिच्या हातून आणि सगळ्या नव्या लोकांची दारं वाजवली. त्यांनाही वाचता येत नव्हतं, पण मला ओळखतात. वरच्या मजल्यावरच्या बस चालवणाऱ्या काळ्या ड्रायव्हरची बायको तर पीठ मळत होती, तशाच हातानं तिने सही केली. तो कामावर होता. माझी धरून अकरा सह्या, एका तासात! तू कचेरीच्या ओट्यावर बसून दिवसाला पाच जमवतोस.

पाच महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की मी या इमारतीतली आहे.

तुझी,
बुटकी


१७ फेब्रुवारी

चि. बुटकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी ओट्यावर मोठ्यानं वाचलं. आमचा स्टॅम्पवाला म्हणाला, "मास्तर, धाकटीला बोलवून घ्या परत, तुमच्या जागेवर बसवू." माझी छाती फुगली हे तुला सांगायचं नव्हतं, पण वहिनी म्हणाली की मी नाही लिहिलं तर ती लिहील.

पैज हरलो. मान्य.

तथापि. तीस वर्षं अर्ज लिहिणाऱ्या माणसाची बहीण असून तू नुसती सही केलीस? मजकूर काय होता? कोणास उद्देशून? मागणी काय? पाणी, जिना, दिवे, नेमकं काय? सदर अर्जाची नक्कल लावली असेल तर ती उतरवून पाठव. वाचता येत नसेल तर अक्षरं नुसती चित्रासारखी काढ, भरतकाम करतेस तशी. आपल्याकडे बोटीवर आचारी असलेले काका आहेत ना, त्यांना ती भाषा येते. हिंडून आलेला माणूस आहे, वाचून दाखवतील.

घाबरू नकोस, शंका म्हणून नाही विचारत. अकरा सह्या मिळवणारा अर्ज कसा लिहिलाय तो मला धंद्याच्या दृष्टीनं बघायचाय.

तुझा,
दादा


१ मार्च

ती. दादास,

घे तुझी नक्कल. खाली दाराशी फळ्यावर अर्ज लावलाय. दोन दिवस कामावरून आल्यावर उभी राहून एकेक अक्षर उतरवलं. जुने भाडेकरू येता-जाता बघत होते. एकानं तर टोपी काढून पुन्हा घातली, काय समजायचं ते समज.

मोतीबाई मात्र विचित्र वागते आहे. मला बघितलं की दार लावते. मी तिच्यासाठी गुडघ्याला बांधायची ऊबदार पट्टी शिवून नेली, तर तिने ती घेतली आणि रडायलाच लागली. म्हातारपण, दुसरं काय. एकटी आहे बिचारी.

ड्रायव्हरची बायको आणि मी आता कपडे एकत्र धुतो. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, तरी तिने मला तिच्या सासूची नक्कल करून दाखवली आणि मी तुझी. हसून हसून दोघींची पोटं दुखली.

कंपनीचा माणूस सोळा एप्रिलला येणार आहे. त्या दिवशी सगळे करार पुढच्या वर्षासाठी नवे होतात म्हणे, आणि त्याच सभेत आपला अर्जही घेणार आहेत. "आपला" म्हणते आहे बघ.

तुझी,
बुटकी


१५ मार्च

चि. बुटकीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. काकांची तब्येत बरी नाही, सबब वाचन राहिलं आहे. विशेष काही नसेलच.

तुझा करार नक्की कधी संपतो? इतक्यात कुठल्याही कागदावर सही करू नकोस. सामान फार वाढवू नकोस. परत यावंसं वाटलं तर तुझी खोली रिकामीच आहे, वहिनीनं तिथे धान्याची कोठी ठेवली होती, ती मी काढून घेतली.

इकडे सर्व ठीक.

दादा


२४ मार्च

दादा,

तुला माहीत होतं.

तीन पानांचं पत्र लिहिणारा माणूस आठ ओळी लिहितो, धान्याची कोठी हलवतो आणि "विशेष काही नसेलच" म्हणतो. तुझं पत्र आलं तेव्हा मला सगळं कळून चार दिवस झाले होते. ऐक कसं कळलं ते.

ड्रायव्हरला इथलं वाचता येतं. त्याने फळा वाचला. मी कामावरून येत होते आणि तो भर जिन्यात माझी वाट बघत उभा होता. त्याने तो कागद मला शब्द शब्द वाचून दाखवला, सोप्या भाषेत, लहान मुलाला सांगावं तसा. "गेल्या दोन वर्षांत आलेले परक्या वर्णाचे भाडेकरू. यांचे करार वाढवू नका. आमची इमारत पूर्वी होती तशी राहू द्या." मग त्याने खाली त्याच्या बायकोच्या सहीवर बोट ठेवलं. तिथे अजून पिठाचा डाग आहे.

"हे तू आणलंस," तो म्हणाला. "माझ्या घरात."

  माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला असता तर चाललं असतं रे. मी अकरा घरांच्या पायांवर मारला.

आणि हिशेब बघ. अर्ज विचारात घ्यायला निम्म्या खोल्यांच्या सह्या लागतात. चाळीसांतल्या वीस. जुन्यांच्या होत्या अठरा. त्या अर्जाचा मेळ माझ्यामुळे जमला. मी मदत केली नसती तर तो पडला असता.

दोन दिवस मी खोलीच्या बाहेर फक्त कामापुरती पडले. तिसऱ्या दिवशी स्वतःला म्हटलं, दारं वाजवताना लाज वाटली नाही, मग आता का वाटते? दहाही दारांवर गेले. काय होतं ते सांगितलं, हातवारे करून, चित्रं काढून. बेकरीत काम करणारा हसला, त्याला गंमत वाटली. दोन बहिणी आहेत, शाळा झाडतात, त्या घाबरून सामान बांधायला लागल्या. एकीने माझ्या तोंडावर दार आपटलं. ड्रायव्हरच्या बायकोनं दार उघडलंच नाही. आत ती आहे हे मला कळत होतं, कढईचा आवाज येत होता.

मोतीबाईला मी काही विचारलेलं नाही. आता तिच्या रडण्याचा अर्थ कळला, पण एकमेकींकडे बघायची हिंमत नाही. माझी की तिची, माहीत नाही.

तू अर्जनवीस आहेस. सांग, दिलेली सही परत कशी घेतात? आणि खोटं बोलू नकोस. तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस, तेवढ्यावर मी इतक्या लांब आले.

बुटकी


२ एप्रिल

चि. बुटकीस,

तुझं शेवटचं वाक्य वाचून मी दिवसभर ओट्यावर गेलो नाही.

आधी कामाचं. सही परत घेता येते. सही करणाऱ्याने सभेत जातीनं हजर राहून म्हणायचं की मजकूर मला कळला नव्हता, सबब सही मागे घेतो. जो हजर नाही त्याची सही कायम धरतात. तेव्हा तुमच्यापैकी निदान दहा जण सभेत आलेच पाहिजेत. दुसरं, पेन्शनवाल्या बाईनं फसवून सही घेतली असं सांग. फसवणूक म्हटलं की अख्खा अर्ज बाद ठरतो. हा सगळ्यात सोपा मार्ग.

आता माझं. काकांची तब्येत ठणठणीत आहे. त्यांनी नक्कल त्याच दिवशी वाचली. पहिली ओळ त्यांनी सांगितली आणि दुसरी मी सांगितली. काका चकित झाले. मला ती भाषा येत नाही, पण तो अर्ज मला पाठ आहे, कारण मी तो लिहिलेला आहे.

बारा वर्षांपूर्वी दगडखाणीवर काम करायला लांबून माणसं आली होती, आठवतात? आपल्यापेक्षा काळी, बोलणं वेगळं. आपल्या गल्लीमागच्या सात खोल्यांत राहायची. गल्लीतले लोक माझ्याकडे आले. "मास्तर, चांगला अर्ज लिहा." मी चांगलाच लिहिला. "गल्लीचे वळण बिघडत आहे, सबब सदर इसमांस अन्यत्र हलवावे." पहिली सही माझी. महिन्याभरात खोल्या रिकाम्या झाल्या. तू तेव्हा त्यांच्यातल्या एकीच्या पोरीचं झबलं शिवत होतीस. तू विचारलंस, "दादा, कुठे गेले ते?" मी म्हणालो, "खाणीतलं काम संपलं."

काम संपलं नव्हतं. ते आता ओढ्यापलीकडे पत्र्याच्या झोपड्यांत राहतात आणि रोज तीन मैल चालत खाणीवर जातात.

म्हणून मी लपवलं. तुला धक्का बसेल म्हणून नव्हे. तुला कळवायचं तर मला माझंच अक्षर दाखवावं लागलं असतं.

खोली खरंच रिकामी आहे. पण तू येऊ नयेस असं मला वाटतं.

दादा


२० एप्रिल

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की ते चुलीत घालणार होते. ते झबलं मला आठवतं. निळ्या ठिपक्यांचं होतं, आणि कितीतरी दिवस माझ्या टोपलीत पडून होतं. रागावून झाल्यावर वाटलं, हे लिहायला तुला किती जड गेलं असेल. तू मला खरं सांगितलंस. उशिरा सांगितलंस, पण सांगितलंस.

आता सभेचं ऐक, कारण तुझी बहीण बोलली.

सभा कामाच्या दिवशी, दुपारी दोनला. आमच्यापैकी कोणी येऊच नये म्हणून ठेवल्यासारखी. मी मोठ्या बाईकडे सुट्टी मागितली. कशासाठी विचारलं तर सांगून टाकलं. ती गोरीच आहे, तिलाही तसाच अर्ज आवडत असेल असं मला वाटलं होतं. तिने ऐकून घेतलं, माझं मशीन स्वतः झाकलं आणि म्हणाली, "जा. आणि हळू बोलू नकोस."

धुण्याच्या खोलीत सभा. एका बाजूला जुने, एका बाजूला आम्ही. मला सोडून बाकीचे मोजले. दहा. ड्रायव्हरची बायको होती, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ड्रायव्हर नव्हता, त्याची पाळी होती.

कंपनीच्या माणसानं अर्ज वाचला आणि विचारलं, कोणाला काही बोलायचंय? मी उभी राहिले. तू सांगितलेली फसवणूक मी सांगितली नाही, दादा. ते खरं नव्हतं. मी म्हणाले, "हा कागद मला कोणी दिला नाही. मी घेतला. मला वाचता येत नव्हतं. शेजारीण कागद घेऊन उभी होती, म्हणून सही केली. आमच्याकडे शेजाऱ्याचा कागद असला की विचारत नाहीत. या दहा जणांनी सही केली कारण त्यांची शेजारीण मी होते. चूक माझी, त्यांची नाही. मी सही परत घेते. मला या इमारतीत राहायचंय." एवढंच. व्याकरणाचे तीन तेरा वाजले असतील, पण आवाज चढा होता.

मग बेकरीवाला उठला. मग शाळा झाडणाऱ्या दोघी, एकमेकींचा हात धरून. मग तोंडावर दार आपटणारी. एकेक करून नऊ जण. ड्रायव्हरची बायको तेवढी बसून होती. कंपनीचा माणूस तिला काही विचारणार, तेवढ्यात दार उघडलं आणि ड्रायव्हर आत आला, गणवेशातच. डेपोतल्या एका गोऱ्या ड्रायव्हरनं त्याची पाळी घेतली होती, हे नंतर कळलं. तो बायकोच्या शेजारी उभा राहिला. तेव्हा ती उठली, म्हणाली, "माझीही परत," आणि माझ्याकडे बोट करून, "ही माझी मैत्रीण आहे. मी हिच्यावर अजून रागावलेली आहे." इथल्या भाषेत! कुठून शिकली कोण जाणे.

इथपर्यंत मला वाटलं होतंच. पुढचं वाटलं नव्हतं.

मोतीबाई उठली. गुडघे धरून, हळूहळू. माळ नव्हती गळ्यात. म्हणाली, "तिनं पेन माझ्या हातून घेतलं तेव्हा मी तिला थांबवायला हवं होतं. मला ठाऊक होतं कागदावर काय आहे. मी लाजले, पण गप्प बसले. तिनं मला पट्टी शिवून दिली. मी ती रोज बांधते. माझं नाव काढा." तिच्या पाठोपाठ टोपीवाला उठला. मग आणखी एक. अठरांचे पंधरा झाले. अर्ज पडला, करार वाढले, सगळ्यांचे.

ते पंधरा अजून इथेच आहेत आणि त्यांतले काही नाक मुरडतात. मुरडू देत. पण आता फळ्यावर लागणारी प्रत्येक सूचना सगळ्यांच्या भाषांत लिहायची असं ठरलंय. सहा भाषा झाल्या. मराठी वाचणारी मी एकटीच, तरी लिहिली. "धुण्याची खोली मंगळवारी बंद राहील." कसली ऐट आहे रे त्या ओळीची! मी रोज खाली जाऊन वाचते.

तुझं काय करायचं ते तुझं तू बघ. मी तुला सांगणार नाही.

तुझी,
बुटकी


५ मे

चि. बुटकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी ओट्यावर वाचलं. सगळं. माझा भाग आलेला तुझा पहिला परिच्छेदही गाळला नाही. स्टॅम्पवाला खाली मान घालून बसला, कारण बारा वर्षांपूर्वीच्या त्या अर्जावर दुसरी सही त्याची होती. मग कोणीतरी म्हणालं, "मास्तर, फसवणूक सांगायला तुम्ही शिकवलंत आणि तिनं नाही सांगितली?" मी म्हणालो, नाही सांगितली. तीस वर्षांत माझा सल्ला कोणी धुडकावला नव्हता, आणि धुडकावला गेला याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

घरी वहिनी म्हणाली, "तिनं दहा दारं वाजवली. तुम्ही एक तरी वाजवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा ओलांडून गेलो. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. मनात अर्जाची भाषा चालू होती, "सदर इसम खेद व्यक्त करतो" वगैरे. पत्र्याच्या पहिल्याच दारावर थाप मारली. दार उघडणारी बाई तीच, जिच्या पोरीचं झबलं तू शिवत होतीस. पोरगी आता तिच्याइतकी उंच झालीय, मागे उभी होती. बाईनं मला लगेच ओळखलं. आत ये म्हणाली नाही. मी उन्हात उभा राहून सगळं सांगितलं, अर्ज मी लिहिला, सही माझी, खोटं लिहिलं होतं. सदर इसम वगैरे काही आठवलं नाही. त्या सात खोल्यांतल्या चार अजून रिकाम्या आहेत, मालकाकडे अर्ज मी लिहितो, तुम्हाला वाचून दाखवतो, पटला तरच द्यायचा, असं म्हणालो.

 माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी मागितलंही नाही. मग तिनं पोरीला मोढा आणायला सांगितलं. मला बसायला.

बसल्यावर तिनं विचारलं, "बारा वर्षांनी आलात. कोणी पाठवलं तुम्हाला?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "माझ्या धाकट्या बहिणीनं."

तुझा,
दादा